चढणीचे मासे आणि तापीचा जिना

डिस्कव्हरी चॅनेलवर सॅमन मासा बघितला नाही असा माणूस आमच्या पिढीत सापडणं कठीण. धबधब्यावर उलटी उडी मारणारा लालसर मासा, वर तोंड उघडून उभं असलेलं अस्वल, आणि मागे एक गंभीर आवाज. (हिंदी डबिंगमध्ये तो आवाज जरा जास्तच गंभीर असायचा.) कॅमेरा सहसा अस्वलावर थांबतो. त्याच नदीवर थोडं खाली गेलं की माणसं दिसतात, आणि ती अस्वलापेक्षा जास्त बघण्यासारखी असतात. अलास्कातल्या रशियन रिव्हरवर सॅमनची झुंड वर चढायला लागली की लोक कमरेएवढ्या पाण्यात खांद्याला खांदा लावून गळ टाकत उभे राहतात. शेजाऱ्याचा दोरा आपल्या दोऱ्यात अडकतो, शिव्या होतात, कोणाचा तरी गळ कोणाच्या तरी टोपीत घुसतो. तिकडे याला गमतीने 'लढाईची मासेमारी' म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला समजावायचं तर सुट्टीच्या आदल्या रात्रीचा शिवाजीनगर एसटी स्टँड डोळ्यासमोर आणावा, फक्त पाण्यात.

तर प्रश्न असा, की आपल्याकडे असं काही होतं का? आणि 'आपल्याकडे' म्हणजे कोकणात नव्हे. मी जळगावचा. खानदेश म्हटलं की लोकांना वांग्याचं भरीत, शेवभाजी, केळी आणि मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्री तापमान आठवतं. मासा कोणाला आठवत नाही. ऑफिसातल्या एका मालवणी मित्राने तर "तुमच्याकडे नदी आहे?" असं मनापासून विचारलं होतं. आहे बाबा. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी, ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळणारी तापी आहे. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, गोमाई या सगळ्या तिच्या पदरात येतात. आणि हो, इथे मासे नदी चढायचे. त्यासाठी मराठीत चांगला रुजलेला शब्दही आहे: चढणीचे मासे. कोकणात आणि ठाणे-पालघरकडे त्याच गोष्टीला वलगण म्हणतात.

चढण म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. उन्हाळ्यात नदी आटते आणि मासे डोहांत अडकून राहतात. मृगाचा पाऊस पडला की वरून गढूळ, गार, नवं पाणी येतं. पाण्याची पातळी वाढते, तापमान उतरतं, माती आणि पाल्यापाचोळ्याचा नवा वास येतो. माशाच्या शरीराला हा एवढा इशारा पुरतो. अंड्यांनी पोट भरलेली मादी आणि तिच्यामागे नर, असे थवेच्या थवे प्रवाहाच्या विरुद्ध निघतात. मुख्य नदीतून उपनदीत, उपनदीतून नाल्यात, नाल्यातून थेट शेताच्या बांधापर्यंत. अंडी घालायला त्यांना उथळ, नुकतं पाण्याखाली गेलेलं, खाणं मुबलक असलेलं ठिकाण हवं असतं. दोन-चार दिवसांत अंडी घालून मोठे मासे परततात, पिल्लं पुराच्या ओसरत्या पाण्याबरोबर खाली येतात. सॅमन या कामासाठी समुद्रातून येतो आणि पॅसिफिकमधला सॅमन अंडी घालून मरतो. आपला चढणीचा मासा एवढा नाट्यपूर्ण नाही. तो डोहातून येतो आणि काम झालं की डोहात परत जातो. म्हणून त्याच्यावर डॉक्युमेंटरी निघत नाही, एवढंच.

पण माणसांची गर्दी मात्र अगदी सॅमनसारखीच. पहिला पूर आला की "पूर उना रे!" अशी हाक उठते आणि काठावर गाव जमा होतं. भोई आणि कोळी यांचं हे पोटाचं काम. त्यांच्याकडे फेकायची जाळी, दोघांनी धरून ओढायची जाळी, आणि ओहोळाच्या तोंडाशी लावायचे बांबूचे सापळे. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा. बाकीच्या गावाकडे जे हाताला लागेल ते: जुनी मच्छरदाणी, धोतर, टोपली, छत्री. (उलटी धरलेली छत्री चांगलं काम करते, विशेषतः काळी, लांब दांड्याची.) खवले असलेले लहान मासे, मिशावाले शिंगाडे, झिंगे, नशीब असेल तर वाम. एका रात्रीत भरपूर सापडतात. खाऊन उरले की वाळवायचे, पण पावसाळ्यात वाळवणार कुठे, म्हणून वाटायचे. वर्षातून एक-दोनदाच येणारी ही प्रथिनांची लॉटरी ज्या घरात डाळसुद्धा मोजून शिजायची त्या घरासाठी काय असेल, ते आज पगाराच्या मेसेजवर जगणाऱ्या माणसाला कळायला थोडा वेळ लागतो.

यातला पेच तुमच्या लक्षात आला असेलच. मासा पकडायला सगळ्यात सोपा कधी असतो? तो अंडी घालायला निघालेला असतो तेव्हाच. म्हणजे ज्या दिवशी पकडू नये त्याच दिवशी सगळं गाव पकडायला उभं. मग इतकी शतकं मासे उरले कसे? माझ्या मते याचं उत्तर माणसाच्या शहाणपणात कमी आणि नदीच्या बेशिस्तपणात जास्त आहे. पूर रात्री येतो, नदी रुंद असते, पाण्याला ओढ असते, जाळं सुताचं असतं आणि फाटतं. शंभरातले बरेचसे मासे निसटतात. एकेक मादी हजारोंनी अंडी घालते, त्यामुळे थोडे निसटले तरी भागतं. वाट मोकळी असणं, एवढी एकच अट होती.

आता वाटेकडे येऊ. खानदेशात नदी अडवणं ही काही पंचवार्षिक योजनांची कल्पना नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर फड बंधाऱ्यांची एक जुनी पद्धत आहे, तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची. नदीत दगडी, बुटका बंधारा घालायचा, बाजूने पाट काढायचा, पाटावरच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि गावाने एकत्र ठरवून प्रत्येक फडात एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. ओव्हरहेड टाकी नाही, पंप नाही, दरवाजा नाही. सगळं काम उतारावर. इंजिनिअर म्हणून मला ही व्यवस्था फार आवडते, कारण तिच्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. आमच्या मॅनेजरला दाखवायला पाहिजे.

माशांच्या दृष्टीने या बंधाऱ्यांचा गुण असा, की ते बुटके होते. मोठा पूर आला की बंधारा पाण्याखाली बुडून जायचा. वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक कमी व्हायचा, आणि थवा वरून निघून जायचा. नेमका ज्या दिवसांत माशाला चढायचं असतं त्याच दिवसांत बंधारा नसल्यासारखा होई. हे कोणी मुद्दाम तसं केलं होतं असं मी म्हणत नाही. पण आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन व्हर्जन जुन्या वापरकर्त्याला तोडत नव्हतं.

या माशांची कागदोपत्री नोंद करणारा पहिला मोठा माणूस म्हणजे कर्नल विल्यम साइक्स. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं होतं. लोकसंख्या, पिकं, मजुरी, पाऊस हे सगळं करता करता तो मासेही गोळा करायचा, आणि १८३९च्या सुमारास त्याने दख्खनच्या माशांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली गंमत नावांत आहे. पुण्याच्या मुळा-मुठेत सापडलेल्या महाशीर माशाला त्याने शास्त्रीय नाव दिलं 'खुद्री'. आणखी एकाला 'कोलुस', एकाला 'मुसुल्ला', नाकावर टेंगूळ असलेल्या इंद्रायणीतल्या एका माशाला 'नुक्ता'. ही सगळी काठावरच्या मासेमारांच्या तोंडची नावं, लॅटिनचा कोट घालून लंडनला पोचलेली. मासा दाखवणाऱ्या माणसाचं नाव मात्र त्या यादीत नाही. हिंजवडीला जाताना रोज मुळा ओलांडणाऱ्यांनी एकदा तरी खाली बघावं, जगभर 'टोर खुद्री' म्हणून ओळखला जाणारा मासा या पाण्यातून नोंदला गेला होता. आता खाली बघितल्यावर काय दिसतं ते मी सांगायला नको.

साइक्सनंतर पन्नास-एक वर्षांत प्रश्न बदलला. मासे कोणते आहेत याऐवजी मासे कमी का होत आहेत, असं विचारलं जाऊ लागलं. हा प्रश्न विचारणारा फ्रान्सिस डे हा मद्रास इलाख्यातला लष्करी डॉक्टर. त्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून अधिकाऱ्यांचे अभिप्राय मागवले आणि १८७३ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर मोठा अहवाल दिला. त्याचं म्हणणं साधारण तीन गोष्टींवर होतं. जाळ्यांची भोकं फार बारीक झाली आहेत. पावसाळ्यात ओहोळ आणि शेतांच्या तोंडाशी सापळे लावून पिल्लं मारली जातात. आणि तिसरं, जे सरकारला ऐकायला आवडणारं नव्हतं: सरकारने स्वतः बांधलेले पाटबंधाऱ्याचे बांध माशांची वाट अडवत आहेत. कावेरीच्या कोलेरून फाट्यावरच्या बांधाखाली मासे अडकून कसे पडतात, ते त्याने लिहिलं, आणि बांधात माशांसाठी वाट ठेवा असं सुचवलं.

त्या अहवालाचं पुढे काय झालं, तर चोवीस वर्षांनी कायदा झाला. १८९७चा इंडियन फिशरीज ॲक्ट. त्यात सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारायला बंदी आली, शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. म्हणजे गेळफळ कुटून डोहात टाकणारा सातपुड्यातला भिल्ल गुन्हेगार ठरला. ते चूक होतं असं नाही, विषाने पिल्लांसकट सगळं मरतं. पण बांध घालणाऱ्या खात्यावर या कायद्याने स्वतःहून काहीच बंधन घातलं नाही. नियम करता येतील एवढी सोय ठेवली आणि विषय संपला. डेच्या यादीतल्या ज्या मुद्द्यांवर गरीब माणूस आरोपी होता ते पुढे सरकले, आणि ज्यावर सरकारी इंजिनिअर आरोपी होता तो मागे पडला. हे वाचताना मला कोणत्याही कंपनीतला कोणताही पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आठवतो.

इथे एका खऱ्याखुऱ्या 'सॅमन'ची ओळख करून द्यायला हवी, कारण चढणीचे मासे डोहातले, पण तापीच्या खालच्या अंगाला समुद्रातून येणारा मासाही होता. बंगाल्यांचा इलिश, म्हणजेच हिल्सा. मुंबईच्या बाजारात पाला, गुजरातच्या किनाऱ्यावर पालवा किंवा मोदन, सिंधमध्ये पल्ला. हा समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालायला नदीत शिरतो. पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या मोठ्या नद्या दोन: नर्मदा आणि तापी. सॅमनसारख्या उड्या तो मारत नाही. थव्याने पोहत चढतो, आणि पुढे भिंत आली की भिंतीपाशी थांबतो.

जळगावकरांनी या माशाला बघितलेलं आहे, फक्त ताटात नाही. सिंधी कॉलनीतल्या कुठल्याही जुन्या दुकानात झुलेलालचा फोटो बघा. पांढऱ्या दाढीचे, पुस्तक हातात घेतलेले झुलेलाल ज्या माशावर बसलेले असतात तो पल्ला. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं धुळ्या-जळगावला आली, त्यांच्याबरोबर हा मासा चेटीचंडच्या मिरवणुकीत तापीकाठी पोचला. सिंधमधली श्रद्धा अशी, की पल्ला सिंधू नदी चढतो तो सक्करजवळच्या जिंदा पीराच्या दर्शनाला. हिंदू ज्यांना झुलेलाल म्हणतात, मुसलमान त्यांनाच जिंदा पीर म्हणतात. दर्शन झाल्यावर मासा पीराला पाठ दाखवत नाही, तोंड तिकडेच ठेवून मागे सरकतो. जीवशास्त्राच्या दृष्टीने बघितलं तर प्रवाहाकडे तोंड करून मासा असाच राहतो, पण ही गोष्ट त्यापेक्षा छान आहे.

आणि गर्दीची गोष्टही तिथलीच. पल्ल्याच्या मोसमात सिंधूवरचे मासेमार मोठ्या मातीच्या घागरीवर पालथे झोपून नदीत तरंगायचे. पोटाने घागरीचं तोंड बंद, हातात लांब दांड्याचं जाळं, पायांनी वल्हवणं. मासा लागला की पोट थोडं उचलायचं आणि मासा घागरीत. बोट तीच, डबाही तोच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी या दृश्याची मनापासून वर्णनं केली आहेत. पल्ला तेव्हा मुलतानपर्यंत चढत असे. १९३२ मध्ये सक्करचं बॅरेज झालं, १९५५ मध्ये खाली कोटरीचं. पीराच्या दर्शनाची वाट बंद झाली, आणि फोटोतला मासा फोटोत राहिला.

तापीवर हेच फार कमी आवाज करत झालं. १९५४ मध्ये सुरतेच्या वरच्या अंगाला काकरापारचा बांध पुरा झाला. ६२१ मीटर लांब, सुमारे १४ मीटर उंच. म्हणजे चार मजली भिंत, नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. फड बंधाऱ्यासारखी ही भिंत मासा चढेल अशी बुडत नाही. हिल्सासाठी तापी तिथे संपली. मग त्याच्या वर, १९७२ मध्ये उकाई. ८० मीटर उंच, लांबी जवळपास पाच किलोमीटर. काकरापारने वाट अडवली होती, उकाईने पाणी अडवलं. पावसाळ्यात समुद्रात जाणारा पूर आता जलाशयात थांबतो आणि कालव्यांतून, टर्बाइनमधून, वेळापत्रकाने सुटतो. समुद्रातल्या हिल्साला नदीत बोलावणारी जी गोड्या पाण्याची हाक असते, तिचाच आवाज कमी झाला. त्यानंतर सुरतेत १९९५ मध्ये सिंगणपूरचा बांध झाला, तेव्हा नदीच्या तोंडाशीच आणखी एक दार लागलं.

उकाईने दक्षिण गुजरातला ऊस आणि भात दिला, सुरतेला पाणी दिलं. १९६८च्या पुराने सुरत बुडाली होती, तशी दर काही वर्षांनी बुडू नये हाही एक हेतू होता. (२००६ च्या ऑगस्टमध्ये धरण असूनही बुडाली, आणि पाणी केव्हा सोडायला हवं होतं यावर भरपूर भांडण झालं. तो वेगळ्या लेखाचा विषय.) पण खानदेशने उकाईची किंमत माशांपेक्षा फार मोठी मोजली आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातली, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यातली, दीडशेच्या वर गावं गुजरातला दिली गेली. नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा भागातली. उकाईचं बुडीत क्षेत्र एका राज्यात असावं, हे त्यामागचं मोठं कारण. राज्य बदललेल्या आणि मग पाण्याखाली गेलेल्या या गावांत बहुतेक आदिवासी. महाराष्ट्र दिनाच्या भाषणांत याचा उल्लेख मी तरी कधी ऐकला नाही.

आता एक वर्ष मागे-पुढे करून दोन तारखा बाजूबाजूला ठेवतो. वर्ष एकच, १९५७.

पहिली तारीख १० मार्च. अमेरिकेत कोलंबिया नदीवर सेलिलो नावाचा धबधबा होता. सॅमन चढताना इथे दाटी होई आणि आदिवासी जमाती हजारो वर्षं इथे मासे धरत आल्या होत्या. खडकांवरून पाण्यावर लाकडी फळ्या काढलेल्या, प्रत्येक कुटुंबाची जागा पिढीजात ठरलेली, कमरेला दोर बांधून माणूस लांब दांड्याचं जाळं फेसाळत्या पाण्यात बुडवतो आहे, असे शेकडो लोक. म्हणजे शब्दशः गर्दीची नदी. पण गर्दीला नियम होता. मासेमारी कधी सुरू करायची आणि कधी थांबायचं, हे 'सॅमन चीफ' ठरवायचा. वर राहणाऱ्यांसाठीही मासे सुटले पाहिजेत, हे त्याने बघायचं. १० मार्च १९५७ ला खालच्या डॅल्स धरणाचे दरवाजे बंद केले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. लोक काठावर उभे राहून बघत होते.

दुसरी तारीख १० जुलै. ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने माशाच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क काढून तो दुसऱ्या माशांना टोचला, आणि रोहू-मृगळ वर्गातल्या माशांनी तळ्यात अंडी घातली. नदी नाही, पूर नाही, चढण नाही. तोपर्यंत या माशांचं बीज पुरात नदीतून गाळूनच आणावं लागे. त्या दिवसापासून पुराचा इशारा इंजेक्शनच्या सुईत भरता येऊ लागला. हा शोध खरोखरच मोठा आहे, १० जुलै हा आपल्याकडे मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो याच कारणासाठी. आज धुळ्याच्या नकाणे तलावापासून गिरणा धरणापर्यंत आणि जळगावच्या मासळी बाजारापर्यंत जो कटला, रोहू दिसतो, तो या सुईचा वंशज.

पण त्याचा एक परिणाम मला लागला तो असा. बीज हॅचरीत तयार होतं म्हटल्यावर नदी मोकळी ठेवण्याचं व्यावहारिक कारणच संपलं. धरण बांधा, जलाशयात बोटुकली सोडा, सहकारी सोसायटीला ठेका द्या. हिशोब जुळतो. किलो मोजले तर पूर्वीपेक्षा जास्तही भरतील. न जुळणाऱ्या गोष्टी कागदावर येत नाहीत. हॅचरीत चार-सहा जातींचं बीज होतं. खवल्या, शिंगाडा, वाम यांना कोणी सुई टोचत नाही. ठेका सोसायटीला मिळतो, पण वाहत्या नदीवर पहिल्या पुराला टोपली घेऊन येणाऱ्या बाईचा त्यात हिस्सा नसतो. तिच्याकडे कधी ठेका नव्हताच, फक्त रिवाज होता. अमेरिकेतल्या जमातींकडे निदान १८५५चे करार होते. त्या करारांवरून १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यात निकाल दिला, की पकडण्याजोग्या सॅमनमधला अर्धा वाटा आदिवासींचा. तिकडचे गोरे मासेमार त्यावर भयंकर भडकले. आपल्याकडे ज्यांची गावं तवा धरणात गेली त्या मध्य प्रदेशातल्या आदिवासींनी भांडून १९९६ मध्ये जलाशयातल्या मासेमारीचा हक्क स्वतःच्या संघाकडे घेतला होता, आणि दहा वर्षं तो चालवून दाखवला. हक्क टिकवणं त्यांना पुढे जड गेलं. नद्या तिथल्या वेगळ्या, पण प्रश्न तोच: गर्दीत जागा कोणाची?

आज तापीचा नकाशा समुद्राकडून वर वाचला तर असा दिसतो: सिंगणपूर, काकरापार, उकाई, मग महाराष्ट्रात शिरल्यावर प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे, अनेक वर्षं रखडत बांधकाम चाललेलं पाडळसे, शेळगाव, हतनूर. हा जिनाच आहे, पायऱ्या फक्त पाण्याच्या सोयीच्या. केळीला पाणी लागतं, कापसाला लागतं, जळगाव-भुसावळच्या नळांना लागतं, आणि मी स्वतः त्यातलंच पाणी पिऊन मोठा झालो. हे बांध उखडा असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. अमेरिकेत क्लामाथ नदीवरची चार जुनी धरणं २०२४ मध्ये पाडून झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅमन वरच्या भागात पोचले, हे वाचून मजा वाटते, पण तिथली धरणं म्हातारी होती, थोडीशी वीज करत होती, आणि त्यांच्यावर कोणाची केळीची बाग उभी नव्हती.

मात्र या जिन्यातली प्रत्येक पायरी सारखी नाही. उकाई हे धरण आहे, बाराही महिने भिंत. प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे ही बॅरेजेस आहेत, म्हणजे भिंतीपेक्षा दरवाजे जास्त. पावसाळ्यात पूर आला की दरवाजे उचलतात, पावसाळा संपताना टाकतात आणि पाणी साठवतात. दरवाजा फूट-दोन फूट उचलला असेल तर खालून पाणी बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं, त्याच्या विरुद्ध कोणताही मासा पोहू शकत नाही. तोच दरवाजा पूर्ण वर असेल आणि पूर मोठा असेल, तर वरचं आणि खालचं पाणी बरंचसं एका पातळीला येतं. पांझरेवरचा फड बंधारा पुरात बुडायचा, जवळपास तशी स्थिती. मासा तेव्हा जाऊ शकतो. म्हणजे चढणीच्या दृष्टीने प्रश्न भिंत आहे की नाही एवढाच नाही. जून-जुलैतले ते पाच-सहा दिवस दरवाजे किती वर होते, आणि सगळे थोडे थोडे उचलले की मोजके पूर्ण उचलले, हाही आहे. याला सिमेंट लागत नाही. दरवाजे चालवण्याच्या क्रमात बदल लागतो. आमच्याकडे त्याला कॉन्फिगरेशन म्हणतात, आणि त्यासाठी कोड पुन्हा लिहावा लागत नाही.

दर पावसाळ्यात जळगावच्या पेपरात हमखास बातमी असते. हतनूरचे ४१ पैकी इतके दरवाजे उघडले, इतके मीटरने उघडले, इतका क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा. ती बातमी येते त्याच दिवशी बॅरेजच्या खालच्या बाजूला, जिथे थवा दाराशी येऊन थांबतो, तिथे माणसं जाळी घेऊन उभी असतात. पोलीस शिट्ट्या मारतात, कोणी तरी मोबाइलवर शूटिंग करतो, आणि जाळी पडत राहतात.